चित्रातला घोडा आणि संगणकातले विमान

मराठी समीक्षेत 'प्रतिकृती' हा शब्द निंदेसाठी राखून ठेवलेला आहे. एखादी कादंबरी ही वास्तवाची 'केवळ प्रतिकृती' आहे असे म्हटले, की तिचा निकाल लागतो. मग ती प्रतिकृती कशाची, कोणत्या साधनांनी केलेली, कितपत अचूक, हे पाहण्याची जबाबदारी समीक्षकावर उरत नाही. 'नवनिर्मिती' वर आणि 'प्रतिकृती' खाली, ही उतरंड आपण पदव्युत्तर वर्गात शिकतो, पुढे तीच शिकवतो आणि सेवानिवृत्त होईपर्यंत तिच्याकडे वळून पाहत नाही. प्रस्तुत लेखात आम्हांला या उतरंडीविरुद्ध भांडायचे आहे. त्यासाठी जे उदाहरण आम्ही घेणार आहोत ते आमच्या बहुतेक सहकाऱ्यांना साहित्यचर्चेत आणण्याजोगे वाटणार नाही: संगणकावरील विमानउड्डाणाच्या खेळात एखाद्या खऱ्या प्रवासी विमानाची बारीकसारीक तपशिलांसह प्रतिकृती उभारणे.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याला कारण घडले. आमच्या एका विद्यार्थ्याने एम.ए.च्या प्रकल्पासाठी विषय मांडला होता: अशी प्रतिकृती करणारे लोक परस्परविरोधी कागदपत्रांतून 'खरे' विमान कसे निश्चित करतात, आणि त्या रीतीचे पाठचिकित्सेशी नाते काय. ज्या समितीपुढे तो विषय गेला तिने तो दोन वाक्यांत फेटाळला. एक, हा पोरखेळ आहे. दोन, यात नक्कल आहे, निर्मिती नाही. विद्यार्थ्याने निमूटपणे एका कवीच्या निसर्गप्रतिमांवर प्रकल्प लिहून दिला. तसे डझनभर प्रकल्प विभागाच्या कपाटात आधीच होते, आणि त्यांतले निम्मे एकमेकांवरून उतरवलेले होते. नक्कल नेमकी कशाला म्हणावी, हा प्रश्न त्या कपाटासमोर उभे राहिल्यावर टाळता येत नाही.

१

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कारण या विषयावर मते देणाऱ्यांनी बहुधा ती पाहिलेली नसते. ब्रूस आर्टविक या अमेरिकी अभियंत्याने १९७९-८० च्या सुमारास ॲपल-टू संगणकासाठी 'फ्लाइट सिम्युलेटर' तयार केला आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टने त्याची आवृत्ती आयबीएमच्या वैयक्तिक संगणकासाठी बाजारात आणली. त्या पहिल्या अवतारात डोंगर म्हणजे चार रेघा होत्या. नव्वदच्या दशकात 'एक्स-प्लेन' आला; विमानाच्या पंखांचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावर हवेचा किती जोर पडतो याचे गणित तो क्षणोक्षणी करतो. त्याच दशकाच्या उत्तरार्धात 'फ्लाइटगिअर' हा मुक्तस्रोत प्रकल्प सुरू झाला. त्याची आज्ञावली कोणालाही वाचता येते आणि बदलता येते. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या आवृत्तीने तर उपग्रहचित्रांवरून सारी पृथ्वीच, बव्हंशी यंत्राकरवी, पडद्यावर उभी केली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पृथ्वी यंत्राकरवी उभी राहिली. विमान राहिले नाही. चांगली प्रतिकृती अजूनही माणसे वर्षानुवर्षे खपून घडवतात. तिचे तीन थर असतात. पहिला दिसण्याचा: विमानाचे बाह्यांग, कक्षातील बटणे, घासून पुसट झालेली अक्षरे. दुसरा उडण्याचा: वजन, इंधन, पंखांची रचना यांनुसार ते हवेत कसे वागेल याचे गणित. तिसरा थर चालण्याचा. वीज, इंधन, द्रवदाब, हवा आणि मार्गदर्शनाचे संगणक या यंत्रणा एकमेकींशी जशा गुंतलेल्या असतात तशा गुंतवण्याचा. पहिल्या थरावर थांबणारी विमाने शेकड्यांनी मिळतात. वाद आहे तो तिसऱ्या थराबद्दल.

एक उदाहरण घेऊ. एअरबस ए-३२० जातीच्या विमानाने प्रवास केलेल्या वाचकांनी एक आवाज ऐकला असेल. विमान उभ्या जागेवरून निघण्याच्या सुमारास पायांखालून कुत्रे भुंकल्यासारखे काहीतरी ऐकू येते, आणि शेजारचा प्रवासी चमकून आपल्याकडे पाहतो. या विमानात द्रवदाबाच्या तीन स्वतंत्र यंत्रणा असतात. हिरवी, निळी आणि पिवळी अशीच त्यांची नावे आहेत. हिरवीला डाव्या एंजिनाकडून दाब मिळतो, पिवळीला उजव्या. या दोहोंतील दाबाचा फरक दर चौरस इंचास ५०० पौंडांच्या वर गेला, की त्यांच्यामध्ये बसवलेले एक यंत्र आपोआप चालू होते आणि एकीचे तेल दुसरीत न मिसळता एकीचा जोर दुसरीला देते. ते अडखळत चालू-बंद होते, तेच हे भुंकणे.

आता उथळ प्रतिकृतीत काय करतात? आवाज ध्वनिमुद्रित करतात आणि ठरावीक क्षणी वाजवतात. खोल प्रतिकृतीत 'आता भुंक' अशी आज्ञा कोठेही नसते. तेथे दोन्ही यंत्रणांतील दाब सतत मोजला जातो, फरक वाढला की ते यंत्र चालू होते, आणि चालू झाले म्हणून आवाज होतो. एखाद्याने वेगळ्या क्रमाने एंजिने चालू केली, तर आवाज वेगळ्या वेळी येईल; एखादी यंत्रणा निकामी झाली, तर येणारच नाही. कानांना दोन्ही ध्वनी सारखेच. परंतु एका ठिकाणी तो चिकटवलेला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तो निष्पन्न झालेला आहे. ज्यांनी आयुष्यभर वाच्य आणि व्यंग्य यांतील भेद शिकवला त्यांनी या दोन ध्वनींतील भेद ऐकू येत नाही असे म्हणावे, याला काय म्हणावे?

२

'नक्कल आहे, निर्मिती नाही' या आक्षेपाचे मूळ फार जुने आहे. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दहाव्या पुस्तकात प्रत्येक वस्तूसंबंधी तीन कला सांगितल्या: वापरण्याची, घडवण्याची आणि अनुकरणाची. बासरी वाजवणाऱ्याला बासरीचे ज्ञान असते; घडवणारा त्याच्याकडून ऐकून योग्य ते मानतो; अनुकरण करणाऱ्याजवळ मात्र ना ज्ञान असते ना योग्य मत. लगाम रंगवणाऱ्या चित्रकाराला घोड्याच्या तोंडात लगाम कसा बसतो हे माहीत असण्याची गरज नाही. आक्षेपाचा सारा जोर या 'गरज नाही'मध्ये आहे. आणि नेमके तेच आमच्या उदाहरणात लागू पडत नाही. विमानाची खोल प्रतिकृती करणाऱ्याला इंधनाची झडप कशी उघडते हे माहीत नसेल, तर त्याचे विमान निकृष्ट ठरत नाही. ते चालूच होत नाही. येथे अज्ञानाला लपायला जागा नाही. प्लेटोचा आक्षेप ज्या अनुकरणावर होता त्याच्या कक्षेत हे अनुकरण बसत नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

ॲरिस्टॉटलने गुरूला दिलेले उत्तर येथे अधिक उपयोगी पडते. शोकांतिका हे माणसांचे अनुकरण नसून कृतीचे अनुकरण आहे, असे त्याने म्हटले. कारणाला कार्य कसे जोडलेले आहे, एका घटनेतून दुसरी अपरिहार्यपणे वा संभाव्यतेने कशी निघते, हे दाखवणे म्हणजे अनुकरण. विमानाच्या आकाराची नक्कल आणि विमानाच्या वागण्याची नक्कल यांत जो भेद आहे तो हाच. पहिली दिवाणखान्यात ठेवायचे खेळणे आहे, दुसरी कथानक आहे.

आमच्या परंपरेत हा वाद याहून बारकाईने झालेला आहे, याचा आम्हांलाच विसर पडतो. श्रीशंकुकाने नटाकडे पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या प्रतीतीला चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला. चित्रातला घोडा पाहताना 'हा घोडा' अशी जी प्रतीती होते ती धड सत्य नव्हे, धड मिथ्या नव्हे. तो संशय नव्हे आणि नुसते सादृश्यही नव्हे. चित्रतुरगन्याय म्हणून आपण तो पाठ केलेला आहे. त्यावर अभिनवगुप्ताच्या गुरूने, भट्ट तौताने, जो प्रश्न टाकला तो आमच्या मते अधिक मोलाचा आहे. अनुकरण करायचे तर मूळ पाहिलेले हवे. रामाची रती कोणी पाहिली आहे? मग नट कशाचे अनुकरण करतो? अभिनवगुप्ताने पुढे नाट्य हे अनुकरण नसून अनुकीर्तन आहे, असे मांडले.

हाच प्रश्न विमानाला विचारून पाहावा. प्रतिकृती करणारे बहुतेक लोक वैमानिक नसतात. पंखाच्या पोटातील पंप त्यांनी पाहिलेला नसतो, पाहण्याचा संभवही नसतो. त्यांच्यापुढे असतात त्या पुस्तिका, आकृत्या, प्रशिक्षणाचे तक्ते, कक्षात घेतलेली चित्रफीत, एखाद्या वैमानिकाने दिलेले उत्तर. यांवरून त्यांना न पाहिलेल्या वस्तूच्या अंतर्गत रचनेचे अनुमान करावे लागते. डोळ्यांनी पाहून हाताने उतरवणे ही नक्कल. न पाहिलेले पुराव्यांवरून पुन्हा उभे करणे याला दुसरे नाव हवे.

३

ते नाव आपल्याजवळ आहे. त्याला पाठचिकित्सा म्हणतात.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभले आणि १९६६ साली ते तडीस नेले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. वि. स. सुकथनकरांनी या कामाला जी शिस्त लावून दिली तिच्यामुळे हे सत्तेचाळीस वर्षांचे काम मार्गावर राहिले. या आवृत्तीतील संहिता, जशीच्या तशी, कोणत्याही एका हस्तलिखितात सापडत नाही. ती हस्तलिखितांच्या साक्षींवरून निश्चित केलेली आहे. तिला 'नक्कल' म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करणार नाही.

विमानाची प्रतिकृती करणाऱ्यापुढे हाच पेच येतो. 'ए-३२०' असे एकच विमान जगात नाही. या जातीचे पहिले विमान २२ फेब्रुवारी १९८७ रोजी उडाले; तेव्हापासून हजारो बनली. एंजिने दोन वेगवेगळ्या उत्पादकांची. संगणकांच्या आवृत्त्या वेगळ्या. प्रत्येक कंपनीने निवडलेले पर्याय वेगळे. एका वर्षीची पुस्तिका एक सांगते, दुसऱ्या वर्षीची दुसरे. चित्रफितीत दिसणारा दिवा पुस्तिकेत नाही. अशा वेळी प्रतिकृतिकाराला ठरवावे लागते: हा पाठ मूळचा, की नंतरचा प्रक्षेप? दोन साक्षी जुळत नसतील तर अधिक विश्वसनीय कोणती, आणि कोणत्या कारणाने? वेगवेगळ्या विमानांतले सोयीचे तुकडे एकत्र केले, तर असे विमान तयार होते जे कधी कोठेच नव्हते. जाणकार त्याला नाके मुरडतात, आणि ते योग्यच आहे. अनेक परंपरांचे पाठ मिसळून केलेल्या संहितेला आपणही नाके मुरडतो.

फरक असेल तर तो प्रतिकृतिकाराच्या बाजूने आहे. आपला पाठनिर्णय चुकला तर पाच वर्षांनी एखाद्या नियतकालिकात प्रतिवाद येतो, किंवा येत नाही. त्याचा पाठनिर्णय चुकला तर त्याच संध्याकाळी यंत्र अडते. २०२० साली मायक्रोसॉफ्टच्या खेळासोबत आलेले ए-३२० निओ उथळ आहे, म्हणून 'फ्लायबायवायर सिम्युलेशन्स' या स्वयंसेवकांच्या गटाने ते दुरुस्त करायला घेतले. त्यांचे विमान विनामूल्य आहे आणि त्याची आज्ञावली उघडी आहे. कोणता बदल कधी झाला, का झाला, त्यावर कोणी काय हरकत घेतली, याची नोंद कोणालाही वाचता येते. आमच्या विद्यापीठीय संशोधनाला अशी उघडी वही ठेवायला सांगितली, तर किती प्रबंध उरतील? हा प्रश्न आम्ही कुत्सितपणे विचारत नाही. उत्तराची आम्हांला भीती वाटते.

४

मराठी माणसाला विमान म्हटले की शिवकर बापूजी तळपदे आठवतात. १८९५ साली त्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. तिच्यावर २०१५ साली हिंदी चित्रपटही निघाला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला. त्या विद्येचा आधार म्हणून जे 'वैमानिक शास्त्र' पुढे केले जाते ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सांगून लिहवलेले पुस्तक आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली ते तपासले. शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या विमानांची वर्णने आणि आकृत्या त्यांनी उड्डाणशास्त्राच्या नियमांवर घासून पाहिल्या. यांतले एकही उडण्याजोगे नाही, असा निष्कर्ष निघाला.

या संशोधकांनी जे केले ते पद्धतीच्या दृष्टीने प्रतिकृतिकाराचेच काम होते. वर्णन हातात घ्यायचे, ते खरे मानून चालायचे, आणि मग ते चालते का पाहायचे. तळपद्यांच्या विमानाबाबत हे करता येत नाही, कारण तपासता येईल असे रेखाचित्र, मोजमाप वा अवशेष कोणी पुढे ठेवलेला नाही. म्हणजे आमच्या सांस्कृतिक व्यवहारात परिस्थिती अशी: जे विमान तपासताच येत नाही त्याच्यावर आम्ही व्याख्याने ठेवतो, आणि जे विमान बटणागणिक तपासता येते त्याला पोरखेळ म्हणतो. प्रतिकृतीविषयीची ही तुच्छता म्हणजे निव्वळ अभिरुचीचा प्रश्न नव्हे. पडताळणी नको असणे हे तिच्या मुळाशी आहे. 'नवनिर्मिती' हा शब्द आपल्याला इतका प्रिय का, याचेही उत्तर कदाचित यातच असावे. नवनिर्मिती कशाशी ताडून पाहायची, असे विचारायची सोय नसते.

५

आता प्रतिकृतीचे जे कार्य आम्हांला सर्वांत गंभीर वाटते त्याकडे येऊ. कॉन्कॉर्ड हे ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारे प्रवासी विमान २ मार्च १९६९ रोजी प्रथम उडाले आणि २६ नोव्हेंबर २००३ रोजी शेवटचे. प्रायोगिक विमाने धरून अशी एकूण वीसच बनली. त्यांतली उरलेली बहुतेक आज संग्रहालयांत उभी आहेत. ती पाहता येतात, काहींच्या आत जाता येते. पण संग्रहालयात जपले जाते ते विमानाचे शरीर. विमान चालवण्याचे कसब तेथे जपता येत नाही.

या विमानात दोन वैमानिकांच्या मागे उड्डाण-अभियंता बसत असे. ध्वनीचा वेग ओलांडताना पंखांवरील उचल जेथे एकवटते तो बिंदू मागे सरकतो. तोल राहावा म्हणून हा अभियंता टनावारी इंधन पुढच्या टाक्यांतून मागच्या टाकीत पाठवी, आणि वेग कमी होताना पुन्हा पुढे आणी. म्हणजे इंधन हे केवळ जाळण्यासाठी नव्हते. विमानाचा तोल इंधनानेच साधला जाई, आणि एका माणसाचे हात व घड्याळ यांवर तो अवलंबून होता. पुढे प्रवासी विमानांतून ही जागाच नाहीशी झाली. संग्रहालयात त्या खुर्चीसमोरची तबकडी काचेआड दिसते. तिचा काटा हलत नाही. कॉन्कॉर्डच्या चांगल्या प्रतिकृतीत मात्र इंधन हलवल्यावाचून वेग गाठता येत नाही. हलवायला उशीर केला तर विमान कसे अवघडते हे कळते. जे काम करणारी माणसे आता निवृत्त आहेत, एकेक करून जात आहेत, त्यांच्या कामाची रीत येथे करून पाहता येते. लोकसाहित्याचे अभ्यासक जात्यावरच्या ओव्या टिपून घेतात, तेव्हा जाते कसे फिरे हेही टिपावे असा आग्रह आपण धरतो. हा आग्रह विमानापाशी येताच का गळून पडावा?

आणि या ठिकाणी आमची चिंताही आहे. प्रतिकृती जिचे स्मारक आहे त्या वस्तूइतकीच नश्वर असते. जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला उड्डाण-खेळ घडवणारा विभाग बंद केला. पुढे संगणकप्रणाली ३२ बिटांवरून ६४ बिटांवर गेल्या, तेव्हा जुन्या आवृत्तीसाठी वर्षे खर्चून केलेली कित्येक विमाने नव्या आवृत्तीत जशीच्या तशी चालेनात. ज्यांची आज्ञावली विक्रेत्याच्या कुलुपात होती ती त्याच्याबरोबर गेली किंवा जातील. हस्तलिखिताला निदान शे-दोनशे वर्षे वाळवीशी झुंजता येते.

६

आक्षेप राहिले. 'यात प्राणाची बाजी नाही, चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू,' असे म्हणतात. खरे आहे. परंतु प्राणांची किंमत कशी मोजली गेली हे समजण्यासाठीही प्रतिकृती लागते. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० बंगळूरला उतरताना कोसळले. १४६ जणांपैकी ९२ मृत्युमुखी पडले. विमान उतरण्याच्या अशा एका पद्धतीत राहिले होते की जिच्यात एंजिने किमान जोरावर असतात, आणि वेग घटत गेला. या विमानात स्वयंचलित यंत्रणेने एंजिनाचा जोर बदलला तरी हाताजवळचे दांडे हलत नाहीत; जोर किती आहे हे हाताला कळत नाही, डोळ्यांनी वाचावे लागते. वर्तमानपत्री भाषेत अशा अपघाताची दोनच कारणे संभवतात, 'मानवी चूक' किंवा 'यांत्रिक बिघाड'. यंत्र माणसाला काय सांगत होते आणि माणसाने काय वाचले, यांमधली जागा त्या भाषेत नाही. ज्या प्रतिकृतीत या पद्धती खऱ्यासारख्या गुंफलेल्या आहेत तिच्यात ती जागा सामान्य वाचकालाही दिसू शकते. वाचन आणि अर्थ यांमधल्या जागेचाच तर आपला व्यवसाय आहे!

दुसरा आक्षेप असा, की हा हौशी श्रीमंतांचा बाजार आहे. 'सखोल अभ्यासाचे विमान' अशी जाहिरात करून हजारो रुपयांना उथळ माल विकला जातो आणि घेणारे बटणांच्या संख्येवरून मोठेपणा मिरवतात. असे होते, याबद्दल दुमत नाही. पण वाईट कवितासंग्रह खपतात म्हणून कविता रद्द होत नाही. उथळ आणि खोल यांतला फरक सांगणे हे समीक्षकाचे काम. ते न करता दोहोंना एकच शिवी घालणे ही कामचुकारी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि आमच्या विरोधकांनी तो अद्याप केलेला नाही म्हणून आम्हीच करतो. या प्रतिकृतींत प्रत्येक फ्यूज असतो, पण माणूस जवळपास नसतो. आसने रिकामी असतात, किंवा माणसे वजनाच्या आकड्यांपुरती असतात. सामान चढवणारा, रात्री आसने पुसणारी, सेवा देणारी, उशिरा उड्डाणामुळे ताटकळलेला मजूर, यांपैकी कोणाचेही 'वागणे' कोणी गणितात बसवलेले नाही. विमान म्हणजे यंत्र अशी व्याख्या करून, विमान म्हणजे श्रमांची रचनाही आहे हे बाजूला ठेवलेले असते. ही निवड तटस्थ नाही. अचूकतेचा एवढा ध्यास घेणाऱ्यांनी कशाची अचूकता महत्त्वाची मानली, हे विचारलेच पाहिजे. पण पाहा, हा आक्षेप प्रतिकृतीच्या आत शिरूनच घेता येतो. ती काय वगळते हे दाखवायचे तर ती काय सामावते हे आधी ठाऊक हवे. 'पोरखेळ' म्हणून दारातूनच परतणाऱ्याला तो सुचणारही नाही.

७

आमचे मागणे थोडके आहे. पाठचिकित्सा, लोकविद्या आणि अनुवाद यांचा अभ्यास जेथे होतो त्या विभागांत अशा प्रतिकृतींवर संशोधन करण्याची मुभा असावी, आणि विषय नाकारायचा तर कारणे दोन वाक्यांहून अधिक असावीत. ग्रंथालयांनी मुक्तस्रोत प्रतिकृतींच्या आज्ञावल्या आणि त्यांमागच्या चर्चा जपून ठेवाव्यात. पुस्तकाची जुनी आवृत्ती आपण टाकून देत नाही, तर याही टाकू नयेत. आणि समीक्षकांनी त्यांची समीक्षा लिहावी, मराठीत. झडप, दाब, तोल, उचल, गळती हे शब्द आपल्या गवंड्याजवळ, पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याजवळ, एस.टी.च्या कार्यशाळेत आजही जिवंत आहेत. यंत्राचे वागणे सांगणारे गद्य मराठीत होऊ शकते. ते होत नाही याचे कारण ते लिहिणाऱ्याला साहित्यात जागा नाही, हे आहे.

'प्रतिकृती' या शब्दाला शिवीतून सोडवावे, एवढाच आमचा आग्रह. चांगली प्रतिकृती करणारा माणूस मूळ वस्तूपुढे नम्र असतो, आणि कागदपत्रांपुढे संशयी असतो. आपले म्हणणे चालते की नाही हे तो रोज स्वतःच तपासतो. या तीन गोष्टी ज्या विद्याशाखेत दुर्मिळ झाल्या आहेत तिने त्याला नक्कलकार म्हणू नये. समितीतील विद्वानांना हे मान्य नसेल, तर त्यांनी एकदा थंड, अंधाऱ्या विमानात बसावे. बॅटरीच्या बटणापासून सुरुवात करून कोणाचेही टिपण न उतरवता दोन्ही एंजिने चालू करून दाखवावीत. आणि मग नवनिर्मितीवर बोलावे. आम्ही ऐकायला तयार आहोत.